पहिल्या भागाची परीक्षा

शुक्रवारी रात्री जपानच्या निप्पॉन टीव्हीवर चित्रपट लागतो, हा शिरस्ता १९८५ पासूनचा. घिब्ली स्टुडिओचे चित्रपट या वेळात कितीदा लागले आणि तरीही घरोघरी कितीदा पाहिले गेले, त्याला गणती नाही. २९ सप्टेंबर २०२३ च्या शुक्रवारी मात्र चित्रपट नव्हता. ‘फ्रीरेन’ या नव्या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकेचे पहिले चार भाग वाहिनीने सलग दाखवले. मालिकेचा शुभारंभ या वेळात होण्याची ती पहिलीच खेप. तीन आठवड्यांनी त्याच वाहिनीने ‘द अपोथेकरी डायरीज’चे पहिले तीन भाग एका बैठकीत दाखवून टाकले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘ओशी नो को’ने तर पहिला भागच दीड तासाचा केला होता आणि टीव्हीवर येण्याआधी तो चित्रपटगृहांत लावला होता.

एका वर्षात तीन मोठ्या मालिकांनी हा मार्ग धरला, त्यामागे एकच भीती होती. बावीस-तेवीस मिनिटांच्या पहिल्या भागावर प्रेक्षक निकाल लावून मोकळा होतो आणि मग तो निकाल फिरवायला परत येत नाही. ही भीती रास्त होती का? पहिल्या भागावरून मालिका ओळखता येते का? २०२३ चा शरद हंगाम या प्रश्नासाठी फार सोयीचा आहे. एक तर तो दणदणीत होता. दुसरं म्हणजे त्यातल्या मालिकांची ती पर्वं कधीच पूर्ण झाली, त्यामुळे पहिल्या आठवड्यातली मतं आता हिशेबाला घेता येतात.

आधी थोडं व्यवस्थेविषयी. ॲनिमेचं वर्ष चार हंगामांचं: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. हंगाम साधारण बारा-तेरा आठवड्यांचा असतो आणि प्रत्येक हंगामात पन्नासहून जास्त मालिका येऊन आदळतात. बहुतेक मालिका मध्यरात्रीच्या आसपास दाखवल्या जातात. पुस्तकाचा प्रकाशक, संगीत कंपनी, वाहिनी, खेळणी विकणारे असे अनेकजण मिळून निर्मिती समिती करतात आणि पैसा घालतात. बऱ्याच मालिकांच्या बाबतीत रात्रीची ती वेळही समितीच विकत घेते. म्हणजे मालिका बऱ्याच अंशी मूळ पुस्तकाची, गाण्यांची, बाहुल्यांची जाहिरात असते. साहजिकच पहिल्या भागावर जीव ओतला जातो. स्टुडिओतले चांगले हात तिथे लागतात, वेळही तिथेच सर्वांत जास्त मिळतो. पहिला भाग सुंदर दिसतो म्हणून मालिका सुंदर असेल, हे अनुमान इथेच लंगडं पडतं.

प्रेक्षकांनीही यावर आपला तोडगा काढलेला आहे: तीन भाग पाहा, मग ठरवा. या नियमाला खरं बळ दिलं ते २०११ च्या जानेवारीत आलेल्या ‘माडोका मॅजिका’ने. दोन भाग गोड-गुलाबी जादूगार मुलींची गोष्ट चालते आणि तिसऱ्या भागाच्या अखेरीला ती गोष्ट प्रेक्षकाच्या पायाखालची जमीन काढून घेते. नियम चांगला आहे, पण पन्नास मालिकांचे तीन-तीन भाग म्हणजे दीडशे भाग. नोकरीधंदा असलेल्या माणसाला तो परवडत नाही. म्हणून पहिल्याच भागावर चाळणी लागते.

‘फ्रीरेन’ या चाळणीत अडकली असती, असं मला ठामपणे वाटतं. कानेहितो यामादा यांनी लिहिलेला आणि त्सुकासा आबे यांनी चितारलेला हा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०२० पासून ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात येतो. गोष्ट जिथे संपायला हवी तिथे ती सुरू होते. राक्षसांचा राजा मारून चौघे राजधानीत परत आले आहेत: वीर हिमेल, पुरोहित हायटर, बुटका योद्धा आयझेन आणि फ्रीरेन ही एल्फ जादूगार. दहा वर्षांचा प्रवास संपला. फ्रीरेनचं आयुष्य हजार वर्षांहून मोठं, तिला ही दहा वर्षं कालपरवासारखी. आकाशात उल्कावर्षाव होतो, पन्नास वर्षांनी पुन्हा होईल तेव्हा चांगल्या जागेवरून पाहू म्हणून ती निघून जाते आणि खरोखरच पन्नास वर्षांनी उगवते. तिच्यात काडीचा फरक नाही. हिमेल मात्र टक्कल पडलेला, कमरेत वाकलेला म्हातारा झालेला. चौघे पुन्हा एकदा उल्का पाहतात आणि थोड्याच दिवसांत हिमेल जातो. अंत्यविधीला जमलेले लोक कुजबुजतात की हिला दुःखसुद्धा झालेलं दिसत नाही. मग तिला रडू फुटतं, आणि तेही कशाचं, तर माणसं थोडं जगतात हे माहीत असूनही आपण याला जाणून घेण्याचा प्रयत्नच केला नाही, याचं.

हे सगळं पहिल्याच भागात होतं, फारसा आवाज न करता. लढाई नाही, खलनायक नाही, पुढच्या आठवड्यासाठी टांगून ठेवलेला प्रसंग नाही. एकटा सोडला असता तर हा भाग एक हळवी लघुकथा म्हणून वाखाणला गेला असता आणि लोक पुढच्या मालिकेकडे वळले असते. चार भाग जोडल्यावर त्याला कणा आला. दुसऱ्या भागात हायटरने सांभाळलेली अनाथ मुलगी फेर्न फ्रीरेनची शिष्या होते, हायटर जातो. आणि फ्रीरेन हिमेलच्या पुतळ्याभोवती लावायला त्याच्या गावाकडचं निळं फूल महिनोन् महिने शोधत बसते. ते फूल तिने कधी पाहिलेलंही नसतं. फेर्नच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि प्रेक्षकालाही क्षणभर वाटतं, किती वेळ घालवणार ही? मालिका नेमकं तेच वाटायला लावते.

तिसऱ्या भागात लढाई येते, पण काय लढाई! ऐंशी वर्षांपूर्वी क्वाल नावाच्या राक्षसाने माणसं मारण्याची अशी जादू शोधली होती की तिला तोड नव्हती. म्हणून त्याला बंदिस्त करून ठेवलं. आता तो सुटतो, तीच जादू वापरतो आणि किशोरवयीन फेर्न ती सहज अडवते. मधल्या ऐंशी वर्षांत माणसांनी त्या जादूचा अभ्यास करून तिला पाठ्यक्रमात बसवून टाकलेलं असतं. काळ जातो, म्हणजे काय होतं, हे पहिल्या भागाने मृत्यूतून सांगितलं. तिसऱ्याने तेच लढाईतून सांगितलं. चौथ्याच्या शेवटी उत्तरेकडे, मृतात्म्यांच्या विश्रांतिस्थानाकडे जायचं ठरतं आणि प्रवासाला दिशा मिळते. दिग्दर्शक केइचिरो साइतो यांनी वर्षभरापूर्वीच ‘बोच्ची द रॉक!’ ही अतिशय धांदरट, धावती विनोदी मालिका केली होती. तोच माणूस इथे पात्राला पेला उचलून खाली ठेवायला पुरेसा अवधी देतो. मॅडहाउस स्टुडिओचं रेखाटन आणि इव्हान कॉल यांचं संगीत याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, मी वेगळं काय लिहू.

एक खोट मात्र त्या दोन तासांतच दिसली होती. गावात जायचं, छोटंसं काम घ्यायचं, त्यावरून हिमेलची आठवण यायची आणि फ्रीरेनला काहीतरी उमगायचं: चार भाग लागोपाठ पाहिले की हा साचा डोळ्यांत भरतो. आठवड्याला एक पाहिला असता तर भरला नसता. पुढे पहिलं पर्व २८ भागांचं झालं आणि त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात जादूगारांची परीक्षा सुरू झाली. ढीगभर नवी पात्रं, गट, फेऱ्या, बाद होणं. तिथे ती इतर लढाऊ मालिकांच्या फार जवळ गेली, असं माझं मत. चांगली होतीच, पण त्या चार भागांनी कबूल केलेली नव्हती.

‘द अपोथेकरी डायरीज’ला तीन भागांची गरज नव्हती. तिचा पहिला भाग एकटाच पुरेसा होता, आणि त्या हंगामात पटकथेच्या दृष्टीने त्याच्या जवळपास दुसरा कुठलाही नव्हता. नात्सु ह्यूगा यांची ही कादंबरी हौशी लेखकांच्या ‘शोसेत्सुका नी नारो’ या ऑनलाइन व्यासपीठावर २०११ मध्ये सुरू झाली. जुन्या चीनची आठवण देणारं काल्पनिक साम्राज्य, त्यातला बादशहाचा जनानखाना आणि तिथे पळवून आणून विकलेली माओमाओ ही वैदूची पोर. वेश्यावस्तीत वाढलेली, विषांचं विलक्षण वेड असलेली, आणि आपल्याला लिहितावाचता येतं हे मुद्दाम लपवणारी.

राजवाड्यात बादशहाची तान्ही मुलं मरत असतात. शाप म्हणून बोभाटा. माओमाओला आयांची डोकेदुखी, पोटदुखी, मळमळ कानावर येते आणि ती एका क्षणात ओळखते की दोष चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या पावडरीचा आहे. त्या पावडरीत शिसं असतं. ही कल्पनेची भरारी नव्हे. शिशाची पांढरी पावडर जपानात विसाव्या शतकापर्यंत वापरात होती. माओमाओ तान्ही मुलं असलेल्या दोन राण्यांना निनावी सूचना पाठवते. एक राणी ऐकते, तिची मुलगी वाचते. दुसरी ऐकत नाही, तिचा मुलगा जातो. मग जिनशी हा देखणा अधिकारी तिला कसा पकडतो? दासींच्या गर्दीसमोर तो काही न बोलता एक लिहिलेला कागद धरतो: चेहऱ्यावर ठिपके असलेल्या मुलीने थांबावं. बाकीच्या दासींना अक्षरओळख नाही, त्या निघून जातात. माओमाओ थबकते. झालं, सापडली.

वीस-बावीस मिनिटांत जग, नायिका, तिची बुद्धी, तिचं गुपित आणि ज्याच्याशी तिचं पुढे सतत खटकणार तो माणूस, असं सगळं उभं राहतं. आणि कुणी कुणाला माहिती वाचून दाखवत नाही. आओई युकी यांचा आवाज या भूमिकेला असा बसला आहे की माओमाओ दुसऱ्या आवाजात आता ऐकवणार नाही. (‘माडोका मॅजिका’तली माडोकाही याच.) तिसरा भाग वरवर भुताचा आहे. रात्री तटावर नाचणारी बाई कोण, याचं उत्तर माओमाओला सापडतं आणि ती ते कुणालाही सांगत नाही, कारण सांगितलं तर एका बाईची सुटका हुकेल. हेरकथेतल्या नायिकेने उत्तर गिळून टाकावं, यातच या मालिकेचं वेगळेपण आहे. जनानखान्यात बाईचं शहाणपण किती दाखवायचं आणि किती लपवायचं, हा तिचा खरा विषय, आणि तो पहिल्या भागातल्या त्या कागदापासून सुरू झालेला आहे.

त्याच ‘नारो’वरून त्याच हंगामात ‘शांग्री-ला फ्रंटियर’ही आली. या व्यासपीठावरचे नायक बहुधा मरून दुसऱ्या जगात जातात आणि तिथे फुकटात बलाढ्य होतात. ‘शांग्री-ला’चा सुनराकू तसा नाही. तो मरत नाही, फक्त खेळतो. टाकाऊ, चुकांनी भरलेले व्हिडिओ गेम संपवण्यात त्याने हयात घालवलेली, आणि आता तीन कोटी लोक खेळतात असा उत्तम गेम त्याच्या हाती येतो. वाईट गेमांनी दिलेली सहनशक्ती चांगल्या गेममध्ये कामी येते, ही कल्पना झकास. पहिला भाग खुसखुशीत होता आणि मालिका पंचवीस भाग तशीच राहिली. दिलं तेवढंच कबूल केलं, कबूल केलं तेवढंच दिलं. त्या हंगामातल्या बाकीच्या परलोकगमनी मालिकांविषयी काही न लिहिणंच बरं. एकीचा नायक डुकराचं कच्चं काळीज खाऊन डुक्कर होतो, यापलीकडे मला काही लक्षात राहिलेलं नाही.

उलट उदाहरण ‘अनडेड अनलक’चं. फुको या मुलीला जो स्पर्श करील त्याच्यावर संकट कोसळतं; अँडीला मरण येत नाही आणि त्याला तर मरायचंच आहे. जोडी नामी. पण पहिल्या भागात अँडी तिच्या अंगचटीला जातो त्याचा विनोद केलेला आहे, आणि तो विनोद नाही. अनेकांनी तिथेच मालिका बंद केली. त्यांना दोष कसा द्यायचा? पुढे मालिका ते चाळे बऱ्यापैकी सोडते, फुकोला स्वतःचं बळ मिळतं, जगाचे नियमच बदलत जाण्याची तिची कल्पना तर मोठी भन्नाट आहे. युकी यासे यांचं दिग्दर्शन जागोजागी चमकतं. तरीही प्रत्येक भागात मागचं इतकं उगाळून दाखवलेलं की चिकाटी असलेल्यांचीही परीक्षा व्हावी. इथे पहिला भाग खोटं बोलला असं म्हणता येत नाही. त्याने मालिकेचा सर्वांत वाईट गुण आधी दाखवला, एवढंच.

आणि ‘ओव्हरटेक!’. १ ऑक्टोबरला आली तेव्हा तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नव्हतं. मांगा नाही, कादंबरी नाही, स्वतंत्र कथा. ट्रोयका स्टुडिओ, दिग्दर्शक एइ आओकी, विषय फॉर्म्युला ४ मोटारशर्यती. कोया हा छायाचित्रकार आहे आणि त्याला माणसांचे फोटो काढता येत नाहीत. का, ते पहिला भाग सांगत नाही. तो शर्यतीला जातो, एका छोट्या घरगुती संघाचा तरुण चालक हारुका त्याला दिसतो आणि त्याचा कॅमेरा कित्येक वर्षांनी माणसाकडे वळतो. एवढंच घडतं. मोटारी सुंदर, पण पहिला भाग मोटारींपेक्षा माणसांच्या अवघडलेपणावर जास्त रेंगाळतो. निम्मी मालिका झाल्यावर कारण कळतं: २०११ च्या त्सुनामीत त्याने काढलेला एका मुलीचा फोटो. तिथून मागे वळून पहिला भाग पाहिला की त्यातली प्रत्येक टाळाटाळ अर्थपूर्ण होते. अशा मालिकेला पहिल्या आठवड्याच्या गुणांकनात जागा नसते. तिच्याकडे विकायला गुपित असतं आणि ती ते विकत नाही.

‘प्लुटो’ या हिशेबात धरावी की नाही, हा प्रश्नच आहे. तेझुका यांच्या ॲस्ट्रो बॉयमधल्या एका प्रसंगावरून नाओकी उरासावा यांनी केलेला हा मांगा २००३ ते २००९ चा. त्याचे तासाभराचे आठ भाग नेटफ्लिक्सने २६ ऑक्टोबरला एकदम सोडले. तीन आठवडे थांबणं नाही, चर्चा नाही. पहिल्या भागाचा उत्तरार्ध एका आंधळ्या, माणूसघाण्या संगीतकाराकडे नोकर म्हणून आलेल्या युद्धयंत्राचा. या यंत्रमानवाला पियानो शिकायचा आहे. तो अर्धा तास त्या वर्षीच्या कुठल्याही चित्रपटासमोर ठेवावा. मात्र सगळं एकदम हाती आलं की पहिल्या भागाला पहिला भाग म्हणून कुणी जोखत नाही. दोन दिवसांत मालिका संपते आणि आठवड्यात तिच्याविषयीचं बोलणंही.

उरल्या पुढच्या पर्वांच्या मालिका. ‘स्पाय फॅमिली’ ७ ऑक्टोबरला परतली, जशी होती तशीच, उबदार आणि निर्धास्त. तिची पहिली छाप असा काही प्रकार उरलेलाच नव्हता. ‘जुजुत्सु काइसेन’चा शिबुया प्रकरणाचा भाग ऑगस्टअखेर सुरू झालेला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कळसाला पोहोचलेला. पडद्यावर डोळे दिपवणारी चित्रं, आणि त्याच वेळी ती काढणारे काही चित्रकार कामाच्या वेळापत्रकाविषयी समाजमाध्यमांवर उघडपणे त्रागा करत होते. पहिल्या भागातून कधीच न कळणारी गोष्ट हीच: शेवटचे भाग काढायला वेळ आहे का? याचं सर्वांत क्रूर उदाहरण पुढच्या वर्षी आलं. जुन्जी इतो यांच्या ‘उझुमाकी’ची २०१९ मध्ये घोषणा झाली होती, पहिला भाग २०२४ च्या सप्टेंबरात आला, काळापांढरा, अंगावर काटा आणणारा. लोक वेडे झाले. दुसरा भाग आला आणि तीच पात्रं लाकडासारखी हलू लागली. मालिका होती फक्त चार भागांची.

आपल्याकडे या सगळ्याचा संबंध नवा नाही. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली पाहिलेल्या पिढीने ॲनिमेच पाहिला होता. निप्पॉन ॲनिमेशनची ती जपानी मालिका हिंदीत आणली होती आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता. पहिला भाग, तिसरा भाग असली भानगड तेव्हा नव्हती. वाहिनी एक, मालिका एक. आज पुण्या-नाशिकमधली कॉलेजची मुलं टोकियोबरोबर त्याच दिवशी नवा भाग पाहतात, आणि त्याच दिवशी निकालही देतात. गाजलेल्या मालिकांना हिंदी, तमिळ, तेलुगू डब मिळू लागले आहेत.  पण डब मागाहून येतो, त्यामुळे पहिल्या आठवड्याची मतं ठरवतात ती इंग्रजी सबटायटल्स वेगाने वाचू शकणारी पोरं. ज्याला वाचत वाचत चित्र पाहणं जमत नाही, त्याच्यापर्यंत मालिका पोहोचते ती या मतांची चाळणी लागून. ‘फ्रीरेन’ तशीही पोहोचते. ‘ओव्हरटेक!’ पोहोचत नाही.

तर मग पहिल्या भागात बघायचं काय? चित्रांची श्रीमंती नाही. ती उसनी असू शकते. कल्पनेची चमकही नाही. ‘अनडेड अनलक’ची कल्पना ‘शांग्री-ला’पेक्षा कितीतरी मोठी होती. मालिका आपला वेळ कशावर घालवते, तेवढं पाहावं. निळ्या फुलावर महिने घालवणारी मालिका पुढेही घाई करणार नाही, हे ‘फ्रीरेन’बाबत परीक्षेचं प्रकरण सोडलं तर खरं ठरलं. एका कागदात सापळा रचणारी मालिका पुढेही प्रेक्षकाला हुशार समजेल, हे ‘अपोथेकरी’बाबत शंभर टक्के खरं ठरलं. मागचं उगाळणारी मालिका पुढेही उगाळेल, हेही खरं ठरलं.

त्या हंगामातली सर्वोत्तम मालिका ‘फ्रीरेन’, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सर्वोत्तम पहिला भाग मात्र ‘द अपोथेकरी डायरीज’चा, आणि ज्यांनी कधीच ॲनिमे पाहिलेला नाही अशा घरच्या मोठ्यांना काही दाखवायचं असेल तर तिथून सुरुवात करावी; विष, राजवाडा आणि तल्लख पोरगी यांना कुठल्याही प्रस्तावनेची गरज पडत नाही. आणि हे दोन्ही पाहून झालं असेल, तर ‘ओव्हरटेक!’ शोधा. पहिल्या भागावर थांबू नका; बाराच भाग आहेत.